उरलेला आवाज

"तिला कुठली फाइल दिलीत, अप्पा?"

अप्पा पडवीत घोंगडीवर बसून शेंगा फोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाला?"

"अंबिकाला. मला दिलीत ती अर्धवट होती. तिला पुरी दिलीत."

"एकच आहे की रे फाइल. तुला दिली, तीच तिला दिली."

"मग तिचं चित्र माझ्यापेक्षा लांब कसं?"

"पाहिलंस तू?"

"नाही. सर्व्हरवर लांबी दिसली तेवढी. बघायचंही नाही मला."

अप्पांनी आणखी एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि शेजारची जागा हातानं झटकली. म्हणजे, बस.

चिदानंद उभाच राहिला. त्याच्या खांद्याला पिशवी होती. दुपारची एसटी धरून तो मठ सोडून चालला होता. हे तोंडानं सांगायची पाळी येऊ नये, अप्पांनी आपणच विचारावं, म्हणून त्यानं पिशवी अगदी पुढे घेतली होती.

अप्पांनी विचारलं नाही.

हा मठ सोलापूरच्या पुढचा. तिथलं निम्मं गाव मराठीत भांडतं आणि कानडीत समेट करतं. मठाच्या मागच्या अंगाला एक खोली आहे, तिला सगळे आवाजाची खोली म्हणतात. जुनी प्रवचनं, भजनं, जात्यावरची गाणी, म्हाताऱ्याकोताऱ्यांची बोलणी, असं पुष्कळ तिथं साठलंय. कुठल्या कुठल्या यंत्रांवर टिपलेलं, आणि त्यातली बरीच यंत्रं आता भंगारात गेलेली. अप्पा पूर्वी रेडिओत होते. मठात येणाऱ्याला ते कोड शिकवायला लागले ते या खोलीपायी. इथं शिष्याला मंत्र मिळतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण फाइल मात्र मिळते. ती वाचणारा प्रोग्राम त्यानं आपल्या हातानं लिहायचा आणि आतलं चित्र नि आवाज सुखरूप बाहेर काढायचा. सेवा म्हणतात ती हीच.

अशी फाइल म्हणजे पाकिटांची रांग असते. काही पाकिटांत चित्र, काहींत आवाज, सगळी एकमेकांत मिसळलेली. प्रोग्रामनं एकेक पाकीट उचलायचं. चित्राचं असेल तर चित्राच्या डिकोडरकडे द्यायचं, आवाजाचं असेल तर आवाजाच्या. डिकोडर ते उलगडून परत देतो. सांगायला इतकं सोपं आहे. करायला बसलं की भल्याभल्यांना घाम फुटतो.

चिदानंद बिराजदारला फुटत नसे. तो या कामात मठातल्या सगळ्यांच्या पुढे होता, आणि पुढे असल्याचं त्याला चांगलं ठाऊक होतं.

बाहेरच्यांना वाटतं, मठात मत्सर येत नाही. येतो की. रोज सकाळी आंघोळ करून, विभूती लावून पहिल्या रांगेत बसतो. चिदानंदच्या शेजारी तो बसला अंबिका हत्तुरे मठात आली त्या दिवसापासून. अंबिका पुण्यातली नोकरी सोडून आली होती. तोंडानं फटकळ, हसायला मोकळी. काही बिघडलं की "चुकलं की माझं" म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. तिच्या बोलण्याला अप्पा खळखळून हसायचे. आपल्या कुठल्या बोलण्याला अप्पा कधी असे हसले, हे चिदानंदनं पुष्कळ आठवून पाहिलं. आठवेना. मग जेवताना तिच्या ताटात भाकरी आधी पडते का, हेही तो बघायला लागला.

अशात थोरल्या अप्पांची फाइल आली.

थोरले अप्पा म्हणजे अप्पांचे गुरू. त्यांना समाधी घेऊन खूप काळ लोटला होता. मठात त्यांचा एक फोटो होता, पण हलता-बोलता असा एकही तुकडा नव्हता. मग एका भक्ताच्या घरी भिंत पाडताना पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यात एका जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड. वर लिहिलं होतं, मठातलं प्रवचन. कॅमेरा बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. तिनं पाकिटं कशी रचली होती ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुठलाही प्लेअर ती फाइल उघडेना.

चिदानंदनं उघडली. उन्हाळाभर तो त्या फाइलीपुढे बसून होता. चित्राचं पाकीट कुठं सुरू होतं, आवाजाचं कुठं, हे त्यानं एकेक आकडा चाचपून शोधून काढलं. खोटं कशाला बोलू, कमाल केली त्यानं. एके दिवशी पडद्यावर थोरले अप्पा बसलेले दिसले आणि बोलायला लागले, तेव्हा सगळा मठ त्या खोलीत गोळा झाला होता. बायकांनी पडद्याला हात लावून तो कपाळाला लावला.

अप्पांनी शेवटपर्यंत पाहिलं. शेवटचं चित्र पडद्यावर थांबलं, त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. शाबासकी नाही, काही नाही.

"पुन्हा वाच," एवढंच म्हणाले.

चिदानंदनं पुन्हा वाचली नाही. "बरोबर वाचलीय, अप्पा," म्हणाला. "फाइल तिथंच संपते."

आठवडा गेला आणि अप्पांनी तीच फाइल अंबिकाला दिली.

काल संध्याकाळी अंबिकानं आपलं वाचून झालेलं अप्पांना दाखवलं. दोघंच होते खोलीत. चिदानंद बाहेर तुळशीपाशी उभा होता. खिडकीतून त्याला पडदा दिसत नव्हता, अप्पांचा चेहरा तेवढा दिसत होता.

अप्पा रडत होते.

चिदानंदला रात्रभर झोप आली नाही. आणि सकाळी त्यानं पिशवी भरली.

"बस तरी," अप्पा म्हणाले. "एसटीला वेळ आहे."

म्हणजे पिशवी दिसली होती तर. चिदानंद घोंगडीवर अप्पांच्या डाव्या अंगाला बसला. पिशवी त्यानं मांडीवरच ठेवली.

अप्पांनी शेंगांचा एक ढीग त्याच्यापुढे सारला.

"आता सांग."

"काय सांगू?"

"जे घेऊन चाललायस ते."

चिदानंदनं शेंग उचलली. फोडली नाही.

"ती फाइल उन्हाळाभर मी उपसली. पाकिटं मी शोधली. ती आयत्या पिठावर येऊन बसली."

"बरं."

"तिनं माझाच प्रोग्राम घेतला असणार. नाहीतर आठवड्यात कुणाचं होतंय?"

"आणखी?"

"खोलीची किल्ली तुम्ही तिच्याकडे दिलीत. मला न विचारता."

"आणखी?"

"मी पहाटे उठून सर्व्हर बघतो. ती सात वाजता जांभया देत येते. तुम्ही तिला म्हणता, आलीस का बाळ."

अप्पांनी मान हलवली. खरंच तसं म्हणत असत ते.

"आणखी?"

"तिच्याशी हसता. माझ्याशी नुसतं कामाचं बोलता." चिदानंदचा आवाज चढला. "मी काय नुसता नोकर आहे का मठाचा? तिच्याआधी किती वर्षं आलोय मी इथं!"

"खूप वर्षं," अप्पा म्हणाले. "आणखी?"

चिदानंदनं हातातली शेंग फोडली. दाणे किडके निघाले, ते त्यानं अंगणात भिरकावले.

"माझं चित्र बघून तुमच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. तिचं बघून रडलात. मी पाहिलं."

अप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पाहिलं मी, अप्पा."

"आणखी?"

"संपलं."

अप्पांनी हात पुढे केला. तळवा उघडा आणि रिकामा. दाणे मागत असावेत असं वाटून चिदानंदनं समोरच्या ढिगातली एक शेंग फोडली आणि दाणे त्यावर ठेवले. अप्पांनी ते परातीत टाकले आणि तोच हात, रिकामा, पुन्हा पुढे धरला.

"संपलं म्हणालो ना."

अप्पांनी हात तसाच ठेवला.

अंगणात कोंबडी किडक्या दाण्यांवर चोच मारून गेली. आतून कुणीतरी कुकर उतरवल्याचा आवाज आला. चिदानंदनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

हात तसाच होता.

"आवाज उरत होता," चिदानंद म्हणाला.

अप्पांनी आता पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"चित्र संपल्यावरसुद्धा आवाज थोडा पुढे जात होता. सेकंदभर. फार तर थोडा जास्त." तो खाली बघून बोलत होता. "दोन्ही एकदम संपत नव्हती. वाईट दिसत होतं ते. मी उरलेला आवाज कापला. दोन्ही सारखी केली. मग कुणाला कळणार?"

"काय होतं त्या आवाजात?"

"नीट ऐकलं नाही. टाळ वाजत होते मागं. फाइलीतच खोट आहे असं धरलं मी."

"खरंच तसं वाटलं?"

चिदानंदनं बोटावरचा बंद सोडला.

"नाही," म्हणाला. "वाटलं, कुठंतरी चुकलंय आपलं. पण ती रोज दारात येऊन विचारायची, अण्णा, अडलंय का, मी बघू का? आवाज उरतोय म्हटलं असतं, तर तुम्ही तिला बसवलं असतं माझ्या शेजारी. तिचा हात लागू द्यायचा नव्हता मला त्याला. थोरल्या अप्पांना मी एकट्यानं आणणार होतो. म्हणून कापला."

त्याचे कान लाल झाले होते. अप्पांनी हात मागे घेतला.

"अंबिका!" त्यांनी हाक मारली. "ते घेऊन ये गं."

चिदानंद उठायला लागला. अप्पांनी त्याच्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली, म्हणून बसला.

अंबिका लॅपटॉप घेऊन आली. पिशवी बघून तिच्या भुवया वर गेल्या, पण नेहमीसारखी फटकन काही बोलली नाही. समोर मांडी घालून बसली.

"माझाच प्रोग्राम घेतलास ना?" चिदानंदनं विचारलं. स्वर सरळ नव्हता.

"मग कुणाचा घेणार? उन्हाळाभर डोळे फोडायला मला वेड लागलंय का?" तिनं पडदा त्याच्याकडे वळवला. "वर बघा. नाव कुणाचं आहे?"

वर त्याचंच नाव होतं. चिदानंद बिराजदार. खाली कुठंही तिचं नव्हतं.

"मी शेवटाला चार ओळी घातल्यात. तेवढंच."

"कसल्या?"

"अण्णा, पाकिटं संपली की तुमचा प्रोग्राम दुकान बंद करून निघून जातोय. डिकोडरनं पोटात चित्रं धरून ठेवलेली असतात की. पुढच्या पाकिटात काही येईल, त्यावाचून आधीचं पुरं होणार नाही, म्हणून थांबलेला असतो तो. त्याला एक रिकामं पाकीट द्यायचं. म्हणजे कळतं त्याला, की आता काही येणार नाही. मग उरलेली एकेक करून देतो. तो स्वतः संपलं म्हणेपर्यंत आपण घेत राहायचं."

चिदानंद ऐकत राहिला. यातला शब्दन् शब्द त्याला माहीत होता. मठातल्या पोरांना त्यानं स्वतः हे शिकवलं होतं, फळ्यावर चित्र काढून. नवख्यांची चूक म्हणून हसलाही होता. आणि थोरल्या अप्पांची फाइल वाचताना नेमकं तेच विसरला होता. अंबिका दारात यायच्या आत संपवायचं होतं त्याला.

"तुला कसं कळलं?" त्यानं विचारलं. "चित्र अडकलंय ते?"

अंबिकानं अप्पांकडे एकदा बघितलं.

"तुमची आवाज कापायची ओळ दिसली मला. म्हटलं, आवाज उरलाय म्हणजे चित्रही उरलेलं असणार कुठंतरी."

"म्हणजे मी कापलं हे तुला माहीत होतं."

"होय."

"अप्पांना सांगितलंस?"

"मी कशाला सांगू?" अंबिका म्हणाली. "ओळ काढून टाकली. झालं."

चिदानंदला तिचा राग यायला हवा होता. तो राग त्यानं शोधूनही पाहिला. हाती लागली ती नुसती लाज, आणि ती फार वाईट लागली.

"लाव," अप्पा म्हणाले.

अंबिकानं शेवटचा भाग लावला.

थोरले अप्पा घोंगडीवर बसलेले. प्रवचन संपत आलेलं. मागं टाळ सुरू झालेले. त्यांच्या उजव्या अंगाला एक गोरा, गोल चेहऱ्याचा तरुण. डाव्या अंगाला दुसरा, काळी दाढी, बारकासा, पाठ ताठ. हे सगळं चिदानंदनं शेकडो वेळा पाहिलं होतं. पण पाहिलं ते कामगाराच्या नजरेनं. रंग फुटतोय का, चित्र अडखळतंय का, एवढंच. माणसं कोण आहेत हे त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं.

थोरल्या अप्पांनी उजवा हात उचलला आणि गोऱ्या तरुणाच्या पाठीवर ठेवला.

डावीकडच्या तरुणानं ते पाहिलं. त्याचा जबडा आवळला. कपाळावर एक शीर उभी राहिली. मग तो उठला, आणि कुणाकडेही न बघता चित्राच्या बाहेर निघून गेला. घोंगडीवर त्याची जागा तेवढी राहिली.

चिदानंदचं चित्र इथं संपत होतं.

हे संपलं नाही.

थोरल्या अप्पांचा डावा हात हवेत होता. तो तसाच खाली आला. जिथं तो तरुण बसला होता तिथं, रिकाम्या घोंगडीवर टेकला. त्यांनी मान वळवली. टाळांच्या खालून त्यांचा आवाज आला, हळू.

"अरे… थांब की."

पडदा काळा झाला.

अंबिका आपल्या नखांकडे बघत बसली.

"अप्पा," चिदानंदनं शेवटी विचारलं. "तो उठून गेला तो कोण?"

"ओळखलं नाहीस?"

चिदानंदनं अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दाढी पांढरी झाली होती. कपाळावरची शीर तीच होती.

"आणि दुसरे?"

"शिवलिंग. माझ्यामागून आला होता मठात. हसरा होता. सगळ्यांना आवडायचा… थोरल्या अप्पांनाही." अप्पांनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली. "पाठीवर हात ठेवला म्हणजे आशीर्वाद. तेव्हा तशी रीत होती. मी आधी आलेला. हात आधी त्याच्या पाठीवर पडला."

"मग?"

"मग काय? स्टँडवर गेलो. आली ती गाडी धरली."

"कुठं गेलात?"

"रेडिओत लागलो पुढं. दुसऱ्यांचे आवाज टिपत बसलो."

"परत कधी आलात?"

अप्पा अंगणापलीकडे बघत होते. तिथं, लिंबाखाली, थोरल्या अप्पांची समाधी आहे.

"तो दगड बसल्यावर," ते म्हणाले.

या माणसाला मत्सर शिवलेला नाही, म्हणून याला आपली कळ कळत नाही, असं चिदानंद इतकी वर्षं धरून चालला होता. त्याच बळावर तर त्याचा राग उभा होता.

"तुम्हाला ऐकू आलं नव्हतं? ते थांब की म्हणाले ते?"

"टाळ चालू होते." अप्पा थांबले. "नसते तरी ऐकलं असतं का, कुणास ठाऊक."

"म्हणून मला म्हणालात, पुन्हा वाच."

"तुझ्या चित्रात मी उठलो आणि संपलं. मी उठल्यावर काय झालं, ते मला बघायचं होतं. आयुष्यभर बघायचं होतं रे." अप्पांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "काल बघितलं."

अंबिका लॅपटॉप मिटून उठली. जाताना चिदानंदच्या जवळ थांबली.

"अण्णा, त्या चार ओळी तुमच्या नावाखालीच राहू द्या. मला नाव-बिव काही नको," म्हणाली. मग जरा विचार करून, "पण भाकरी मला आधी मिळते हे तेवढं खरं आहे हं," म्हणाली आणि आत गेली.

चिदानंदला हसू आलं नाही. म्हणजे तेही तिनं पाहिलं होतं.

लांबून, वेशीकडून, एसटीचा हॉर्न ऐकू आला. ती आधी शाळेपाशी थांबते, मग मठापाशी येते.

चिदानंदनं पिशवी खांद्याला लावली आणि उठला.

"चाललास?"

"होय, अप्पा." मघाचा ताठा आता त्याच्या बोलण्यात नव्हता. "मघाशी रागानं चाललो होतो. आता… इथं बसायला तोंड नाही मला. तुमच्या गुरूंचा आवाज कापला मी. तिला नको म्हणून कापला. सेकंदभराचाच होता, पण तुम्हाला तर तेवढाच हवा होता."

अप्पांनी फोलपटं गोळा करून बाजूला सारली.

"रागावा तरी."

अप्पांनी नवी शेंग उचलली.

चिदानंदनं वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. पाठीवर हात पडेल असं त्याला वाटलं. पडला नाही. तो उठला, पडवीच्या पायऱ्या उतरला, अंगण ओलांडलं. लिंबाखालच्या दगडापाशी त्याचा पाय अडला. हात जोडावेत की जोडू नयेत, हे त्याला ठरवता येईना.

एसटी फाटकाशी येऊन उभी राहिली. कंडक्टरनं दार उघडलं.

"येताय का बसताय, महाराज?" तो ओरडला. त्याला घाई होती.

चिदानंदनं मागं वळून पाहिलं.

अप्पा तसेच बसले होते. पुढ्यात परात, बाजूला फोलपटांचा ढीग. उजव्या हातात एक शेंग होती. डावा हात घोंगडीवर होता, चिदानंद जिथं बसला होता तिथं, तळवा पालथा टेकलेला.

"काय झालं, अप्पा?" चिदानंदनं तिथूनच विचारलं.

अप्पांनी हात उचलला नाही.

"ऊब आहे अजून," ते म्हणाले.